चामड्यावरची केल्टिक गाठनक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी दर रविवारी चामड्यावरचं कोरीवकाम शिकवतो. फुलापानांची नक्षी शिकायला येणारे थोडेच. बहुतेकांनी मोबाइलवर कुठेतरी ती एकमेकांत गुंतलेली आयरिश वेणी पाहिलेली असते आणि तीच स्वतःच्या पट्ट्यावर हवी असते. पहिल्या दिवशी सगळे हत्यारांबद्दल विचारतात. तिसऱ्या रविवारी सगळ्यांचा प्रश्न एकच होतो, ‘सर, माझी गाठ सपाट का दिसते?’ खालचं बरंचसं लिखाण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

ही नक्षी मूळची कुठली? चामड्याशी तिचं नातं जुनं आहे का?

आयर्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मठांत सातव्या-आठव्या शतकात हस्तलिखितं सजवताना ही वेणी बहरली. इसवी सन ८०० च्या सुमाराचं ‘बुक ऑफ केल्स’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं हस्तलिखित, ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. नाव ‘केल्टिक’ पडलं, पण लोहयुगातल्या जुन्या केल्ट कलेचा भर चक्राकार वळणांवर होता. गुंतलेल्या वेण्या तर रोमन लोकांच्या मोझेइक फरश्यांवरही सापडतात.

चामड्याशी नातं जुनंच आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं ‘सेंट कथबर्ट गॉस्पेल’ हे छोटं पुस्तक ११०४ मध्ये त्या संताच्या शवपेटीत सापडलं, आणि त्याची मूळ चामडी बांधणी आजही शाबूत आहे. लाल कातड्याच्या पुढच्या झाकणावर मधोमध उठावातली वेल आणि तिच्या वर-खाली वेणीच्या चौकटी आहेत. रेषा कोरून त्यात रंग भरलेला. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ मध्ये ते ९० लाख पौंडांना विकत घेतलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. आपण वर्गात सुरीने रेषा कापतो आणि ठोकून उठाव आणतो, ती पद्धत त्या मठांमधली नव्हे. ती अमेरिकेतल्या खोगीर बनवणाऱ्या कारागिरांची. नक्षी एका खंडाची, हात दुसऱ्या खंडाचा. त्यात नाशिकची भर म्हणजे आपण.

प्रत्येक गाठीचा काही अर्थ असतो का? प्रेमाची गाठ, शौर्याची गाठ?

नसतो. म्हणजे जुन्या काळातलं तसं काही लिहून ठेवलेलं हाती नाही. ‘हिचा अर्थ अनंत प्रेम’ वगैरे चिठ्ठ्या अलीकडच्या दुकानदारीच्या. लग्नाच्या वाढदिवसाला भेट द्यायची असेल तर खुशाल सांगा, फक्त ‘हजार वर्षांपूर्वीपासून’ हे शब्द गाळा.

कोणतं चामडं घ्यायचं? नाशिकमध्ये मिळतं का?

वनस्पतीच्या सालीने कमावलेलं, म्हणजे व्हेज-टॅन. दुसरं चालत नाही. पर्सा, जॅकेटं, सोफे यांचं मऊ चामडं बहुधा क्रोमने कमावलेलं असतं. ते पाणी पिऊन आकार धरून ठेवत नाही, कितीही ठोका, तासाभराने पुन्हा गुळगुळीत. कोल्हापुरी चपलेचं चामडं पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं, म्हणून त्यावर ठोकलेले ठसे चप्पल झिजेपर्यंत दिसतात. तत्त्व तेच.

दुकानात ओळखायचं कसं? रंग न दिलेल्या तुकड्यावर बोट ओलं करून टेकवा. डाग लगेच गडद झाला आणि त्यावर नखाने ओढलेली रेघ तशीच राहिली, तर घ्या. पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळला, तर परत ठेवा.

इथे चांगलं कोरण्याजोगं चामडं सहज मिळत नाही. जोडे-चपलांच्या सामानाच्या दुकानांत तळव्याचं चामडं मिळतं, ते सरावाला ठीक, पण कडक असतं. मी धारावीला जाऊन हाताने चाचपून आणतो, किंवा कोलकाता-चेन्नईहून मागवतो. मागवताना दोन गोष्टी स्पष्ट लिहा : जाडी (पट्ट्याला ३ ते ३.५ मिलिमीटर, पाकिटाच्या दर्शनी भागाला १.५ ते २) आणि अंगाचा भाग. खांदा किंवा पाठ मागा. पोटाचा भाग स्वस्त पडतो, पण ठोकताना ताणला जातो आणि वर्तुळाचं अंडं होतं.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गायीसोबत बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून हाती येतं ते बरंचसं म्हशीचं. म्हशीच्या कातड्याचे दाणे मोठे. त्यावर तीन मिलिमीटरचा नाजूक पेड कोरायला गेलात तर नक्षीपेक्षा दाणेच दिसतात. पेड किमान पाच-सहा मिलिमीटर रुंद ठेवा.

मला चित्रकला येत नाही. गाठ कशी आखायची?

ठिपक्यांची रांगोळी येते ना? मग झालं. वर्गात चित्रकलेची पदविका घेतलेल्या मुलापेक्षा सिडकोतल्या एक काकू लवकर शिकल्या, त्या याच कारणामुळे.

आलेखाच्या कागदावर ठिपके मांडा, समजा दोन ओळी आणि प्रत्येकीत तीन. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध एक फुली काढा, आडव्या शेजाऱ्यांमध्येही आणि उभ्या शेजाऱ्यांमध्येही. सात फुल्या होतील. आता फुल्यांची टोकं तिरकी जोडत न्या, आणि बाहेरच्या कडेला पोचलं की वळवून आत आणा. एकच अखंड रेषा सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून जिथून निघाली तिथे परत येईल. तिबेटी अष्टमंगलातली अंतहीन गाठ तिच्या सगळ्यात साध्या रूपात हीच.

रेषा एक येणार की जास्त, हे आधीच कळतं. ओळी आणि रकाने यांचा मसावि काढा. दोन आणि तीन यांचा मसावि एक, म्हणून एक धागा. दोन आणि दोन यांचा दोन, म्हणून एकमेकांत अडकलेल्या दोन कड्या. तीन आणि सहा यांचा तीन. शाळेतल्या गणिताचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे दाखवलं होतं. पट्ट्यासाठी दोन ओळी आणि विषम रकाने घेतले की चौपेडी वेणी दिसते आणि ती संपूर्ण पट्ट्यावर एकाच धाग्याची असते.

एवढ्याने मिळते ती साधी वेणी. तिची गाठ होते ती फुली मोडल्यावर. हवी ती फुली खोडा, तिच्या जागी छोटी भिंत आहे असं समजा, आडवी किंवा उभी, आणि दोन्ही पेड त्या भिंतीला न ओलांडता वळवून मागे न्या. कुठल्या फुल्या मोडायच्या यातच सगळी कलाकारी आहे. दोन्ही बाजूंना सारख्या मोडल्या की नक्षी डौलदार दिसते. भिंत घातल्यावर धाग्यांची संख्या मात्र बदलू शकते, तेव्हा पेन्सिलने एकदा सगळीकडून फिरून बघा.

वर-खाली, वर-खाली करताना मध्येच चुकतं. काय करू?

डोळ्यांनी माग काढत बसू नका. नियम पाठ करा. आडव्या शेजाऱ्यांच्या मधल्या प्रत्येक फुलीवर उजवीकडे चढणारा पेड वर. उभ्या शेजाऱ्यांच्या मधल्या प्रत्येक फुलीवर उजवीकडे उतरणारा पेड वर. बस्स. कितीही भिंती घाला, हा नियम मोडत नाही, प्रत्येक पेड आपोआप एकाआड एक वरून-खालून जातो.

ठिपके न मांडता हाताने काढलेल्या गाठीतही एकाआड एक हे नेहमी जुळतंच. जुळलं नाही तर दोष नियमाचा नाही, तुम्ही कुठेतरी एकाच बिंदूत तीन पेड आणलेत किंवा एक छेद मोजायचा राहिला.

कागदावर वरच्या पेडाच्या दोन्ही कडा लाल पेनने जाड करा आणि खालच्या पेडाच्या रेषा त्या लाल रेषेपाशी खरोखर खोडून टाका. हलक्या ठेवू नका. रात्री थकलेल्या हाताला हलकी रेष दिसली की सुरी तिच्यावरून जातेच.

कागदावरून चामड्यावर उतरवायला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद वापरा, कारण ओल्या चामड्यावर ट्रेसिंग पेपर लोळागोळा होतो. शाई संपलेलं बॉलपेन चालतं. शाई असलेलं कधीच नको.

चामडं किती ओलं करायचं?

सगळे हत्यारांवर पैसे घालतात आणि काम बिघडतं ते इथे.

आधी मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे ठोकताना तुकडा लांबणार नाही. मग स्पंजने पुढून सारखं पाणी द्या, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी पसरते. सकाळी बाहेर काढून वाट बघा. वरचा रंग जवळजवळ मूळच्या कोरड्या रंगावर आला, पण गालाला लावल्यावर गार लागतंय, ही वेळ. त्या अवस्थेत सुरी लोण्यात चालल्यासारखी चालते आणि ठोकलेल्या जागी आपोआप तपकिरी छटा येते. ती छटा हीच पावती. ठोकल्यावर पाणी वर येत असेल तर घाई झाली, थांबा. ठसा फिकट राहत असेल आणि मोगरी जोरात मारावी लागत असेल तर उशीर झाला, पाण्याचा हलका हात फिरवा.

पुस्तकातले तास इथे लागू पडत नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकला पंख्याखाली बसलात तर वीस मिनिटांत कडा सुकतात. मी उन्हाळ्यात पहाटे पाचला बसतो आणि ज्या भागावर काम नाही तो ओल्या फडक्याखाली झाकतो. जुलैत उलट, चामडं तासन्‌तास सुकत नाही.

आणि लोखंड दूर ठेवा. ओल्या व्हेज-टॅनला गंजकी कात्री किंवा खिळ्याचा डबा नुसता टेकला तरी निळे-काळे डाग पडतात. लगेच लिंबाचा रस चोळला तर बरेचसे जातात.

हत्यारं कुठून घेऊ?

सुरुवातीला पाच पुरेत : फिरती सुरी, म्हणजे स्विव्हल नाइफ, रेषेच्या एका बाजूला उतार पाडणारे लहान-मोठे दोन बेव्हलर, उतार घासून गुळगुळीत करायला एक मॉडेलिंग स्पून आणि पार्श्वभूमी दाबायला एक ठसा. ऑनलाइन मिळतात. बेव्हलर मी सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेस सळईतून करून घेतले. चित्र काढून दिलं, लेथवरच्या दादांनी ‘हे कशाला?’ विचारलं, चहा झाला, तासाभरात काम झालं. टोक पॉलिश पेपरने आरशासारखं करायचं काम तुमचं.

खाली ठेवायला ओटा बसवणाऱ्यांकडे पडलेला ग्रॅनाइटचा तुकडा आणा. मोगरी लाकडी किंवा नायलॉनची. लोखंडी हातोडीने हत्यारांची डोकी फुटतात.

सुरी रोज धार लावून चालत नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश लावून पाती घासायची. सराफी कामाचं सामान विकणाऱ्यांकडे ते मिळतं. पाती ओढताना अडखळली की घासा, जोर वाढवू नका.

किती खोल कापायचं?

जाडीच्या एक तृतीयांश. वळणावर सुरी उभी ठेवा, कलली की कड खालून पोखरली जाते आणि पुढे ठोकताना उचकटते. आधी वरून जाणाऱ्या पेडांच्या कडा कापा. मग खालचे. खालचा पेड वरच्याच्या कडेशी केसभर आधी थांबवा; उरलेलं अंतर बेव्हलर आपोआप मिटवतो.

आता तो प्रश्न : माझी गाठ सपाट का दिसते?

कारण तुम्ही रेषेच्या दोन्ही बाजू दाबल्यात. किंवा दोन्ही बाजू सोडल्यात.

बेव्हलरचं काम एका बाजूला उतार पाडणं. वेणीत तो उतार नेहमी खालून जाणाऱ्या पेडावर पडला पाहिजे. वरच्या पेडाला हातही लावायचा नाही. बेव्हलरचं उभं टोक वरच्या पेडाच्या कापलेल्या कडेत बसवा, उताराची बाजू खालच्या पेडाकडे, आणि टक्‌टक्‌ करत, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर अर्धा चढवत पुढे सरका. सुटे ठोके मारले की जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात.

मग खरी मेहनत. तो खड्डा कडेशी सगळ्यात खोल हवा आणि खालच्या पेडावर पाच-सात मिलिमीटर जाईपर्यंत विरून गेला पाहिजे. बेव्हलर थोडा मागे कलवून हलके ठोके, मग स्पूनने घासून उतार गुळगुळीत. पेड खरंच दुसऱ्याच्या खाली बुडी मारून पलीकडे वर येतोय असं दिसायला हवं. वर्गात मी एक जुनी सुती दोरी ठेवली आहे. अडलात की तिची सैल गाठ मारा, खिडकीच्या उजेडात धरा आणि सावली कुठे पडते ते बघा. सावली तिथे बेव्हल.

नक्षीच्या बाहेरच्या कडेने आणि मधल्या मोकळ्या जागांतही उतार पाडायचा, तिथे सगळे पेड वरचेच. मोकळ्या जागा अगदी बारीक असतील तर ठशाने दाबून खोल करा. मोठ्या असतील तर मला त्या गुळगुळीत आवडतात, पण हा माझा हट्ट.

सुरी छेदावरून पुढे गेली. आता?

कापलेलं जुळत नाही. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एका ढोलपथकातल्या मुलासाठी मी कमरेचा रुंद पट्टा करत होतो. शेवटची दोन आवर्तनं उरलेली, रात्रीचे साडेअकरा, आणि सुरी वरच्या पेडावरून सरळ आडवी गेली. चहा प्यायलो. मग ओल असतानाच स्पूनने काप दोन्ही बाजूंनी दाबून मिटवला. कोरडा झाल्यावर जवळजवळ दिसेना. पण मी त्यावर नेहमीप्रमाणे अँटिक पेस्ट, म्हणजे खड्ड्यांत बसणारा गडद लेप, लावली, आणि पेस्ट नेमकी त्या कापात जाऊन बसली, काळी रेघ ठळक. तेव्हा असा तुकडा असेल तर अँटिक टाळा, एकाच गडद रंगाने रंगवा. दुसरा उपाय म्हणजे सगळ्या पेडांना त्या जागी मुद्दाम कापाची नक्षी द्यायची. पण तो धीर लागतो, आणि मुलगा दारात उभा होता.

रंग कोणत्या क्रमाने द्यायचा?

कोरून झाल्यावर पूर्ण एक दिवस सुकू द्या, सावलीत. मग तेलाचा अगदी हलका हात. परंपरेने नीट्सफूट तेल वापरतात. ते गुरांच्या नळीच्या हाडांपासून काढतात, गिऱ्हाइकाला चालणार आहे का हे आधी विचारा. स्वयंपाकघरातली तेलं काही काळाने चिकट होतात, खवट वासही येतो.

पार्श्वभूमी गडद आणि पेड फिके हवे असतील तर बारीक ब्रशने फक्त मोकळ्या जागा रंगवा. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा, स्पिरिटचा रंग शोषकागदासारखा पसरतो. सुकल्यावर कापडाने घासून सुटा रंग काढा. मग पेडांवर ॲक्रिलिकचा थर, त्यावर अँटिक पेस्ट, लगेच पुसून टाका. पेस्ट खड्ड्यांतच राहते आणि वर-खाली उठून दिसतं. शेवटी मेण.

काळ्यासाठी घरगुती उपाय आहे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस किंवा खिळे आठ-पंधरा दिवस ठेवा. बाटलीचं झाकण सैल असू द्या, आत हायड्रोजन तयार होतो, गॅसजवळ तर मुळीच ठेवू नका. गाळून चामड्यावर लावलं की सालीतलं टॅनिन आणि लोह मिळून डोळ्यांदेखत काळं होतं. हा रंग वरून बसलेला नाही, आत उमटलेला, म्हणून हाताला लागत नाही. कलमकारीतला काळा लोखंड आणि गुळाच्या पाण्यातून येतो, तो याचाच भाऊ. राखाडी आलं तर टॅनिन कमी पडलं; आधी हिरड्याचा काढा किंवा कडक कोरा चहा फिरवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायला विसरू नका.

कडा चकचकीत कशा होतात?

कोपरे छाटा, चारशे आणि मग आठशेच्या पॉलिश पेपरने घासा, थोडं ओलं करा, गोंद कतीरा भिजवून त्याचा घट्ट लेप लावा आणि जाड कॅनव्हासने गरम होईपर्यंत चोळा. हात दुखेपर्यंत. याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

पावसाळ्यात पांढरी बुरशी येते.

येणारच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून हवेशीर कपाटात. आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकं पुसा, पण आधी कोपऱ्यात रंग उतरतो का ते पाहा. ओलं केलेलं चामडं पिशवीत दोन दिवसांपेक्षा जास्त विसरलात तरी हेच होतं.

लेझरने करून घेतलं तर?

लेझर जाळून रेषा काढतो, उठाव देत नाही. नक्षी नुसती आखून घ्यायला ठीक. रेक्झिन मात्र कुणाच्याही मशिनखाली घालू नका, त्यातलं पीव्हीसी जळलं की निघणारा वायू घशालाही वाईट आणि मशिनलाही.

घरी देवघर आहे, चामडं आणू देत नाहीत.

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो, बहुतेक वेळा वर्ग संपल्यावर. मी वाद घालत नाही, फक्त विचारतो की तुमच्या भजनी मंडळाच्या पखवाजाला पुडी कशाची आहे? मला आरी कशी धरायची हे रविवार कारंज्याजवळ बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी शिकवलं. त्यांनी आयुष्यभर गावाचे जोडे शिवले आणि गावाने त्यांना ओट्याखालीच बसवलं. आज त्याच कामाला आपण ‘लेदर क्राफ्ट’ म्हणतो आणि फी घेतो. हे मला टोचतं, म्हणून वर्गातलं पहिलं सत्र त्यांच्या रापीबद्दल, चामडं कापायच्या हत्याराबद्दल, असतं. घरी खरंच अडचण असेल तर खोलीतलं एक कपाट तुमचं, सामान इथेच ठेवा.

पहिला नग काय करू?

पट्टा नको. सगळ्यांना पट्टाच करायचा असतो. सव्वा मीटरच्या चौपेडी वेणीला मला अजूनही तीन रविवार लागतात, आणि पंधराव्या आवर्तनाला हात कंटाळतो.

दोन ओळी, तीन ठिपके, सात छेद, एवढंच घ्या. पेलाखाली ठेवायच्या चकतीवर करा. पहिल्या तीन चकत्या वाईट होतील, त्यांवर चहा ठेवा. चौथी जमली की काहीतरी वापरातलं घ्या. पिंपळगावहून येणाऱ्या एका द्राक्षबागायतदाराने छाटणीच्या कात्रीचं म्यान केलं, त्यावर हीच सात छेदांची गाठ. ऑक्टोबर छाटणीत ते कमरेला होतं. घामाने आणि फवारणीने रंग उडाला, पण पेड अजून वर-खाली दिसतात. एप्रिलच्या छाटणीआधी तो पुन्हा रंगवायला आणणार आहे.